बाईंची पाठ वळली की

शाळा बघायला गेलं की आपण शिक्षकांकडे बघतो. कशा बोलतात, फळ्यावरचं अक्षर कसं आहे, पटकन चिडतात का. छोट्या शाळेत बघायचं ते वेगळंच असतं. बाई पहिलीला शिकवत असताना दुसरीची मुलं काय करताहेत? एका खोलीत दोन इयत्ता बसत असतील तर प्रत्येक मुलाच्या दिवसाचा साधारण निम्मा वेळ बाईंचं लक्ष दुसरीकडे असतं. तीन इयत्ता असतील तर दोन तृतीयांश. त्या वेळात शिकणं चालू असतं की नुसती शांतता असते, यावर सगळं ठरतं. आमच्या जुळ्यांसाठी शाळा शोधताना मी शेवटी या एकाच प्रश्नावर येऊन थांबलो, आणि घरातली तयारीही मग त्याच अंगाने बदलत गेली.

पर्याय दोन होते. एक मोठी शाळा, बसने तासाभरावर. प्रत्येक इयत्तेच्या दोन तुकड्या, मोठं मैदान, संगणकाची खोली. दुसरी गावातलीच, पायी जाता येईल अशी. दोन खोल्या, दोन बाई, पट तिशीच्या आत. एका खोलीत पहिली-दुसरी, शेजारच्या खोलीत तिसरी-चौथी. सल्ले द्यायला माणसं भरपूर होती. मोठ्या शाळेची बाजू घेणारे स्पर्धेबद्दल बोलायचे, गावच्या शाळेची बाजू घेणारे मायेबद्दल. दोघांच्याही बोलण्यातून शाळेत नेमकं काय चालतं ते कळायचं नाही.

बायकोने बसचा हिशेब मांडला. सहा वर्षांच्या पुढच्या मुलांना दिवसाला नऊ ते बारा तास झोप लागते. येण्याजाण्याचे दोन तास एक तर त्या झोपेतून जाणार, नाहीतर संध्याकाळच्या खेळातून. तिच्या दृष्टीने निर्णय तिथेच झाला होता. माझ्या दृष्टीने नव्हता, कारण जवळची शाळा जवळ आहे एवढ्याने ती चांगली ठरत नाही.

सगळ्यात मोठा विरोध माझ्या आईचा होता, आणि तो ऐकीव नव्हता. ती स्वतः एकशिक्षकी शाळेत शिकलेली. हुशार, म्हणून गुरुजींनी तिला खालच्या वर्गाचे पाढे म्हणून घ्यायला बसवलं, शुद्धलेखनाच्या वह्या तपासायला दिल्या. "मी दुसऱ्यांचे पाढे म्हणून घेत बसले आणि माझे अपूर्णांक कच्चे राहिले ते राहिलेच," ती म्हणाली. "तुझी पोरगी चटपटीत आहे. बाईंना फुकटची मदतनीस मिळेल."

तिचं म्हणणं खोडून काढण्यासारखं नव्हतं. म्हणून मी बहुवर्ग अध्यापनाबद्दल, म्हणजे एकाच शिक्षकाने एका वेळी अनेक इयत्ता शिकवण्याबद्दल, वाचायला लागलो आणि दोन ठिकाणांनी मला विचार करायला लावलं. एक कोलंबियातलं. तिथे १९७०च्या दशकाच्या मध्यावर विकी कोल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यांतल्या एक-दोन शिक्षकी शाळांसाठी 'एस्कुएला नुएवा', म्हणजे नवी शाळा, नावाची पद्धत उभी केली. मुलांच्या हातात मार्गदर्शिका असते. लहान गटात बसून मूल ती आपल्या वेगाने पुढे नेतं. हंगामात घरच्यांबरोबर शेतावर राबावं लागलं आणि शाळा बुडली, तर परत आल्यावर जिथे थांबलं होतं तिथूनच सुरुवात, नापास होणं वगैरे भानगड नाही. दुसरं आंध्र प्रदेशातल्या ऋषी व्हॅली या निवासी शाळेचं. तिथल्या आसपासच्या खेड्यांतल्या शाळांसाठी त्यांनी अभ्यासाचे छोटे छोटे तुकडे करून कार्डं बनवली आणि भिंतीवर एक शिडी लावली. प्रत्येक कार्डावर चित्राची खूण असते, त्यामुळे ज्याला अजून वाचता येत नाही त्यालाही कळतं की आपण शिडीच्या कुठल्या पायरीवर आहोत, आणि पुढचं काम बाईंजवळ बसून करायचं आहे, जोडीदाराबरोबर की एकट्याने. पुढे तमिळनाडूच्या सरकारी प्राथमिक शाळांनीही या धर्तीची पद्धत उचलली.

दोन्हीकडे, शिक्षकाचं लक्ष नसेल तेव्हा काय करायचं हे आधीच ठरवून ठेवलेलं आहे. आईच्या शाळेत ते कोणी ठरवलं नव्हतं, म्हणून ती पोकळी तिला भरावी लागली. हे एकदा लक्षात आल्यावर शाळेत जाऊन काय बघायचं ते स्पष्ट झालं.

तुलना म्हणून आधी मी दुसऱ्याच एका गावातली, एवढ्याच पटाची शाळा बघून आलो. बाई मन लावून शिकवत होत्या, त्यात शंका नाही. पण ज्या इयत्तेला त्या शिकवत नव्हत्या, ती फळ्यावरचा मजकूर उतरवून घेत होती. उतरवून झालं की हाताची घडी. एका मुलाचं लवकर झालं, त्याला तेच पुन्हा उतरवायला सांगितलं. वर्गात शिस्त होती, टाचणी पडली तरी ऐकू आली असती, आणि त्या मुलाचा अर्धा दिवस वाया चालला होता.

आमच्या गावच्या शाळेत गलका होता. मी मागे सतरंजीवर बसलो. पहिलीचा गट बाईंभोवती दाटीने बसला होता, दुसरीची मुलं चार-चारच्या गटांत. एका मुलीचं काम झालं, ती उठली, कपाटातून पुढचं कार्ड घेऊन आली. कुणी सांगितलं नाही, तिने विचारलं नाही. शेजारचा मुलगा वजाबाकीत अडकला होता. त्याने आधी जोडीदाराला विचारलं, त्यालाही येईना. मग त्याने पाटी पालथी घातली आणि गोष्टीचं पुस्तक उघडलं. थोड्या वेळाने बाई पहिलीला काम देऊन उठल्या, नजर फिरवली, पालथी पाटी बघून सरळ त्याच्याजवळ गेल्या. पालथी पाटी म्हणजे 'अडलंय'. हाक मारायची नाही, रांग लावायची नाही, रडायचं नाही, आणि तोवर रिकामं बसायचंही नाही. माझ्या मनात शाळा तिथेच निम्मी पक्की झाली.

दाराजवळ तीनेक वर्षांची एक चिमुरडीही बसली होती. कुणाची म्हणून विचारलं, तर बाई म्हणाल्या, "तिसरीतल्या मुलीची बहीण. हिला घरी ठेवलं तर ताईला घरी राहावं लागतं. त्यापेक्षा दोघी इथे बऱ्या." बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा शेजारी शेजारी आणल्या होत्या. धाकट्या भावंडांमुळे थोरल्यांची शाळा बुडते, ही अडचण त्यांच्याही समोर होती. बाईंनी ती आपल्यापुरती सतरंजीचा एक कोपरा देऊन सोडवली होती.

आईचा प्रश्न मी जसाच्या तसा विचारला. मोठी मुलं लहानांना किती वेळ शिकवतात? बाई हसल्या. "शिकवत नाहीत हो. वाचून दाखवतात, तेही स्वतःचं काम झाल्यावर. गणित तर मी कुणाच्या हाती देत नाही. चुकीचं शिकवलं की ते पुसायचं आणि बरोबर शिकवायचं, असं माझं दुप्पट काम होतं." हे मी घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "बोलायला बरं असतं." पण अपूर्णांकांचा विषय तिने त्यानंतर काढला नाही.

बाकीचे प्रश्न मी कागदावर लिहूनच नेले होते. काहींची उत्तरं सरळ मिळाली. परिसर अभ्यासाचे विषय दोन वर्षांच्या फेऱ्यात फिरवतात, त्यामुळे दोन इयत्ता एकत्र शिकल्या तरी मुलाला तेच पुन्हा शिकावं लागत नाही. गणिताला हा फेरा चालत नाही, बेरजेशिवाय गुणाकार कसा करणार, म्हणून गणित इयत्तेनुसार वेगळं. एक बाई रजेवर गेल्या तर दोन्ही खोल्यांमधलं दार उघडायचं आणि सगळ्यांना एकत्र घ्यायचं, त्या दिवशी गोष्टी, गाणी, वाचन, नवीन काही नाही. हे उत्तर मला आवडलं, कारण त्यात 'सगळं नेहमीसारखंच चालतं' असा दावा नव्हता. बदलीचं विचारलं तेव्हा मात्र बाई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "ते माझ्या हातात नाही." छोट्या शाळेतला सगळ्यात मोठा धोका हाच. मोठ्या शाळेतून एक चांगल्या बाई गेल्या तर एक वर्ग अडतो, इथे निम्मी शाळाच बदलते. त्यावर पालकांना करता येण्यासारखं फारसं काही नसतं. फक्त कार्डं, कपाट आणि पालथ्या पाटीसारख्या सवयी शाळेच्या आहेत की एकाच बाईंच्या, एवढं विचारून ठेवावं. शेजारच्या खोलीतही तीच पद्धत दिसली, म्हणून मी हा धोका पत्करला.

आता आमच्या घरची खास अडचण. मुलं जुळी, मुलगी काही मिनिटांनी थोरली, आणि त्या काही मिनिटांचं ताईपण ती पुरेपूर वसूल करते. दोघांच्या वतीने तीच बोलते. "त्याला पाणी नको." "तो दमलाय." त्याला कुणी नाव विचारलं तरी उत्तर ती देते, आणि तो निवांत. मोठ्या शाळेत दोन तुकड्या होत्या, दोघांना वेगवेगळं बसवता आलं असतं. इथे एकच खोली. हा मुद्दा बायकोलाही पटत होता आणि काही दिवस आम्ही पुन्हा बसच्या वेळापत्रकाकडे वळलो.

बाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. मिश्र गट असतात, म्हणाल्या, दोघांना दोन गटांत टाकू, खोलीच्या दोन टोकांना, पाठीला पाठ. एकमेकांचा आवाज ऐकू येईल, पण तोंड दिसणार नाही. "आणि तिला दुसरीतल्या अशा मुलीशेजारी बसवते, जी हिच्याहून जास्त बोलते." हा उपाय मला कुठल्याही पुस्तकात मिळाला नसता.

शाळेआधीच्या तयारीत मग अक्षरओळख मागे पडली. बाईंना ती फार नकोही होती. आपलं नाव ओळखता आलं, गोष्ट शेवटपर्यंत ऐकता आली, खडू-पेन्सिल धरून रेघा ओढता आल्या की पुरे, बाकी आमचं काम, असं त्या म्हणाल्या. मागितल्या त्या वेगळ्याच गोष्टी. स्वच्छतागृहात एकट्याने जाऊन येणं, चड्डीचं बटण स्वतः काढणं-लावणं, डब्याचं झाकण उघडणं, चपला जोडीने ठेवणं. एका बाईंकडे दोन इयत्ता असताना पंधरा डब्यांची झाकणं त्या उघडत बसल्या तर अर्धी मधली सुट्टी तिथेच संपणार. माँटेसोरींच्या साधनांमध्ये बटणं, नाड्या, बंद यांच्या लाकडी चौकटी असतात, मुलांनी सराव करण्यासाठी. आम्ही माझा जुना शर्ट उशीला घातला, काम तेच झालं. डब्यांच्या बाबतीत मात्र आम्ही हार मानली आणि सैल झाकणाचे डबे आणले.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो थांबायला शिकवण्यात. बाईंचं लक्ष निम्मा वेळ दुसरीकडे असणार, तर 'आत्ता नाही, थोड्या वेळाने' हे ऐकून मुलाला दुसऱ्या कामाला लागता आलं पाहिजे. घरी आपण उलट शिकवलेलं असतं. हाक मारली की आपण धावतो, आणि नाही धावलो तर मूल हाक मारतच राहतं. आम्ही पालथ्या पाटीचा खेळ घरात आणला. बायको भाकऱ्या थापत असली किंवा मी फोनवर असलो की ज्याला काही अडलं असेल त्याने पाटी पालथी ठेवायची आणि तोवर दुसरं काहीतरी करायचं. मुलीने पहिल्याच दिवशी भावाचीही पाटी पालथी घातली. नंतर नियम आला की ज्याची पाटी त्यानेच पालथी घालायची, आणि काय अडलं ते त्यानेच सांगायचं. आम्ही पाटी बघून नक्की जायचो, थोडा उशीर झाला तरी जायचो. त्यात हयगय झाली असती तर खेळ दोन दिवसांत मेला असता.

मुलाला बोलतं करण्यासाठी आम्ही भाषणं दिली नाहीत. फक्त दोघांना वेगवेगळं बाहेर न्यायला लागलो. एकाला मी, एकीला बायको. बहीण शेजारी नसली की तो दुकानदाराला स्वतः सांगायचा, शेजारच्या काकूंना निरोप द्यायचा. तीन वाक्यं मात्र मुद्दाम पक्की करून घेतली: मला शू लागलीय, माझं पोट दुखतंय, मला समजलं नाही. तिसरं वाक्य सगळ्यात अवघड. मोठ्या माणसांनाही ते जमत नाही.

शाळेआधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत, हे मी ज्याला त्याला सांगतो. मुलगा कमी बोलतो म्हणून आम्ही त्याच्या कानांच्या काळजीने गेलो होतो. या वयात कानाच्या पडद्यामागे पाणी साठून ऐकू कमी येणं पुष्कळ मुलांत आढळतं. त्याचे कान ठणठणीत निघाले. मुलीचा मात्र एक डोळा दुसऱ्यापेक्षा बराच कमजोर होता, आणि चांगल्या डोळ्याने ती सगळं निभावून नेत असल्यामुळे आम्हाला पत्ताच नव्हता. अशा आळशी डोळ्यावर जितक्या लहान वयात उपचार होतील तितका फायदा जास्त, सात-आठ वर्षांनंतर तो कमी होत जातो. तिला चष्मा लागला, चांगल्या डोळ्यावर रोज काही वेळ पट्टी लावायची ठरली. हे सगळं बाईंना आधीच माहीत असल्यामुळे वर्गात कुणी चिडवायच्या आत त्यांनीच पट्टीचा विषय काढून मोकळा केला.

वयाचीही थोडी धाकधूक होती. आमची मुलं वर्गात सगळ्यांत लहान असणार होती. फिनलंडमध्ये मुलं सातव्या वर्षी शाळा सुरू करतात, इंग्लंडमध्ये बहुतेक मुलं चार पुरे झाले की शाळेच्या पहिल्या वर्गात बसतात, भारतात २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पहिलीसाठी सहा वर्षं धरली आहेत. आकडा कुठलाही असो, एका इयत्तेत जवळजवळ वर्षाचा फरक पडतोच, आणि सहा वर्षांच्या मुलासाठी एक वर्ष म्हणजे आयुष्याचा सहावा हिस्सा. वर्गातली वयाने लहान मुलं सुरुवातीला मागे दिसतात, हे अनेक देशांत आढळलेलं आहे. मात्र पहिली-दुसरी एकत्र बसतात तिथे सगळीच मुलं वेगवेगळ्या वयांची, कोण कुठे आहे याची रांग इतकी सरळ लावता येत नाही. हा फायदा मी तेव्हा धरला नव्हता.

पहिल्या आठवड्यात मुलगी न रडता गेली. मुलगा दारात थबकला. बाईंनी आधीच बजावलं होतं, "निरोप घ्या आणि जा. खिडकीतून डोकावू नका, मला दिसता तुम्ही." मी गेलो. नंतर सकाळी सकाळी त्याचं पोट दुखायला लागलं, सुट्टीच्या दिवशी मात्र अजिबात नाही. आम्ही खोटं पाडलं नाही आणि घरीही ठेवलं नाही. बाईंनी त्याला दुसरीतल्या एका शांत मुलाबरोबर खडू वाटायचं काम दिलं. घंटा झाल्या झाल्या हातात काम असल्याने दारात थबकायला वेळच उरला नाही. पोटदुखी हळूहळू गेली. एक दिवस संध्याकाळी बहीण त्याच्या वतीने आजीला काहीतरी सांगायला लागली, तर तो म्हणाला, "थांब, माझी पाटी आहे."

एक गोष्ट इथे तोट्याचीच राहिली. मुलीच्या वयाच्या मुली वर्गात दोनच आहेत, आणि एकीशी भांडण झालं की पर्याय उरत नाही. मोठ्या शाळेत दुसरा घोळका शोधता येतो. इथे उद्या पुन्हा त्याच सतरंजीवर बसायचं. भांडण लवकर मिटतं हे खरं, पण कधी कधी मिटलं म्हणून नव्हे, तर इलाज नाही म्हणून मिटतं, आणि तो फरक तिला कळतो. चौथीनंतर शाळा बदलावी लागणार, तेव्हा गर्दीची सवय करून द्यावी लागेल, तेही पुढे आहेच.

सध्या वेगळाच पेच पडलाय. मुलीचं गणित भराभर पुढे सरकलं आणि बाई तिला गणितापुरतं दुसरीच्या मुलांत बसवायचं म्हणताहेत. छोट्या शाळेत हे सहज होतं, चार पावलं सरकायचं, बस. तिची कार्डं तिच्या वेगाने जावीत म्हणून तर आम्ही ही शाळा घेतली. मुलगा आपल्या जागी ठीक आहे, वयाप्रमाणे आहे, पण त्याला हे दिसणार, कारण खोली एकच. बाईंनी विचारलं, त्याला तुम्ही सांगता की मी सांगू? बायकोचं म्हणणं, बाईंनी सांगावं, म्हणजे ती शाळेतली गोष्ट राहील. आईचं म्हणणं, मुलीला सांगू द्या, ती कशीही सांगणारच आहे. बाईंनी सोमवारपर्यंत उत्तर मागितलंय.